सगळें बरें आसा

काजूच्या बोंडांचा वास ज्याला आवडत नाही त्याला आमच्या मुळगावात वेडा म्हणतात. मग मला वेडी म्हणा. मार्च सरत आला, डोंगरावरून टोपल्या उतरायला लागल्या की गावाच्या हवेत तो आंबूस, गोडसर वास भरतो. नाकाच्या मुळाशी जाऊन बसतो आणि दिवसभर तिथून हलत नाही. परवा आईने बोंडांच्या ताज्या रसाचा ग्लास पुढे केला. "नीरो हाडला, पी मगे इल्लो." मी ग्लास हातात घेतला आणि परत ठेवला. तिला वाटलं, मला निकालाची काळजी लागलीय. मी तसंच वाटू दिलं.

आमच्या घरात सध्या कोण कशाची काळजी करतंय हे कोणी कोणाला सांगत नाही. बाबा हल्ली तळीवरून घरापर्यंतची चढण चढताना मध्येच थांबतात आणि आंब्याला मोहोर किती आला ते बघत असल्यासारखं करतात. मे महिन्यात कसला आलाय मोहोर?

तर तो वास. गेल्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी त्याच वासातून डिचोलीची बस पकडायचे. बी. कॉम.चं दुसरं वर्ष संपलं होतं. सुट्टीत दोन महिने कुठेतरी इंटर्नशिप करा आणि ग्रेड घेऊन या, असं कॉलेजने बजावलं होतं. बँकेत कोणी घेईना. शेवटी बाजारात, औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर एक विम्याचं ऑफिस होतं तिथे जागा मिळाली. खोली लहान, जनेल रंग लावताना चिकटून बसलेलं, ते उघडायचंच नाही. एसी गिऱ्हाईक आलं तरच लागायचा. आम्ही तिघी मुली घामाने निथळत बसायचो आणि जिन्यावर पाऊल वाजलं की रिमोटकडे धावायचो.

ऑफिसच्या प्रमुख शिल्पा मॅडम. पेडण्याच्या बाजूला कुठेतरी राहायच्या, एवढ्या लांबून स्कूटरवर यायच्या, आणि आल्या आल्या भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यासमोर उभ्या राहायच्या. फळ्यावर आम्हा तिघींची नावं. एक फॉर्म पूर्ण झाला की नावापुढे एक लाल चुंबक. ज्या मुलीचे चुंबक जास्त, तिला जूनपासून ऑफिसात ठेवून घेणार, कॉलेज सांभाळून अर्धा दिवस, पगारासकट. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्या दिवसापासून आम्ही तिघी एकमेकींच्या डब्यातलं खाणं बंद केलं. खाण बंद पडल्यापासून बाबा एका हार्डवेअरच्या दुकानात बसतात. खिळे मोजून देतात. खाणीवर त्यांच्या हाताखाली माणसं होती. मला तो चुंबकांचा फळा जिंकायचाच होता. मी तापट आहे हे गाव जाणतं, पण हावरी आहे हे मला त्या फळ्याने शिकवलं.

मॅडमनी मला काम शिकवलं ते पेडण्याच्या एका घरात. त्यांच्या मागे स्कूटरवर बसून गेले होते. घरातला म्हातारा सोप्यावर कदेलीत बसलेला, एका पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टी. त्याच्या मुलाचा विमा, पण सोबत म्हाताऱ्याचाही एक छोटासा काढायचा होता. मॅडमनी टॅबलेट मांडीवर घेतला आणि आरती म्हणावी तशा एका दमात सुरू झाल्या. "आजार नाही ना, ऑपरेशन नाही ना, हॉस्पिटलात राहिला नाही ना, साखर नाही ना, छातीचं काही नाही ना?" म्हातारा प्रत्येक 'ना'ला मान हलवत होता. शेवटी हसून म्हणाला, "ना गे बाय. देवाच्या दयेन सगळें बरें आसा." पट्टीचा पाय त्याने हळूच दुसऱ्या पायामागे घेतला. मॅडमची बोटं खटाखट 'नाही'वर पडत गेली.

परत येताना मी मागून ओरडून विचारलं, "मॅडम, त्यांचा पाय?"

"पायाबद्दल प्रश्न आहे का फॉर्मात?" त्या म्हणाल्या. "ते सांगतात ते आपण लिहायचं. आपण काय डॉक्टर?"

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला ते फार सोयीचं वाटलं.

आता बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. आमच्याकडे कोणी 'कसे आहात' म्हटलं तर 'बरें आसा' एवढंच उत्तर असतं. कंबर धरलेली असो, घरात चार दिवस चूल पेटलेली नसो, दारात आलेल्या माणसाला 'बरें आसा' म्हणायचं आणि चहा ठेवायचा. आजाराचं नाव घ्यायचं नाही. तिन्हीसांजेला तर नाहीच, नाव घेतलं की तो उंबऱ्याबाहेरून आत येतो म्हणतात. साखरेचा आजार असलेला माणूस 'हल्ली गोड खात नाही' म्हणतो. हृदयाचा असलेला 'बांबोळीला जाऊन आलो' म्हणतो, तिथे मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, आणि ऐकणारा समजतो. यात लबाडी नसते, उलट समोरच्याला त्रास नको म्हणून ही रीत. आणि विमा कंपनीने नेमका हाच प्रश्न छापलेला, 'तुमची तब्येत कशी आहे', आणि तो विचारायला आम्ही गावातल्याच मुली पाठवलेल्या. उत्तर काय येणार होतं?

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, मी गुरुदासकाकांच्या घरी गेले. आमच्यापासून चौथं घर. काका आधी सुर्ल्याला खाणीवर ट्रक चालवायचे, आता शाळेची बस चालवतात, बालरथ. बाबांचे जुने दोस्त. मी लहान असताना ट्रकच्या केबिनमध्ये बसवून मला हॉर्न वाजवू द्यायचे. त्यांना मी सांगितलं होतं की काका, मला एक चुंबक कमी पडतोय. ते हसले होते. "मगीर म्हजोच काड." मग माझाच काढ की.

सगळं ठरल्यासारखं झालं. रत्नाकाकीने फणसाचे गरे दिले. त्यांची नववीतली लेक दीपिका माझ्या टॅबलेटकडे कुतूहलाने बघत बसली. काकांनी पहिल्या हप्त्याचा चेक दोन्ही हातांनी दिला, देवळात देतात तसा. "हिच्या शिक्षणापुरतें जालें म्हणजे जालें," ते म्हणाले. आपल्यामागे दीपिकाचं शिक्षण थांबू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

मग मी मॅडमसारखीच सुरू झाले. आजार नाही ना, ऑपरेशन नाही ना.

"ना गे बाय. सगळें बरें आसा."

आणि माझं बोट 'नाही'वर पडलं. छातीचं काही नाही ना? नाही. हॉस्पिटलात राहिला नाही ना? नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी शिगम्याला रोमटाच्या मिरवणुकीत ढोल वाजवता वाजवता काका खाली बसले होते. घामाने चिंब, ओठ निळे. बाबांनी त्यांना उचलून गाडीत घातलं आणि बांबोळीला नेलं. छातीत नळी घातली. आठ दिवस काका तिथे होते, आणि ते आठही दिवस दीपिका आमच्या घरी, माझ्या शेजारी झोपली होती. झोपेत रडायची. आणि मी 'नाही' लिहिलं. गरा तोंडात होता माझ्या.

काकांनी नंबर दीपिकाचा दिला होता, तिच्या फोनवर संमतीचा आकडा, ओटीपी, आला, मी तो घातला, फॉर्म ऑफिसात जाऊन पडला. आठवड्याचे सगळे फॉर्म मॅडम शनिवारी दुपारी एकदम कंपनीला पाठवायच्या. म्हणजे मध्ये गुरुवार आणि शुक्रवार.

घरी येऊन मी हात धुतले तरी फणसाचा चीक जाईना. खोबरेल लावलं, तरी नाही. आईवर विनाकारण खेकसले. गुरुवारी सकाळी पोदेराचा भोंपू वाजला, पाव घ्यायला बाहेर आले तर समोरून काकांची बस. सुट्टीतही ते ती रोज धुऊन उभी करायचे. त्यांनी हॉर्न दिला, माझ्यासाठी, जुना दोनदा वाजवायचा तसा. मी पाव घेतले आणि सुटे परत घ्यायचे विसरून आत गेले.

दुपारी मी मॅडमना सांगितलं. डब्याची वेळ होती, त्या पेज जेवत होत्या. ऐकून त्यांनी चमचा खाली ठेवला, दार लोटलं.

"नळी कधी घातली?"

"दोन वर्षं झाली."

"मग खरं लिहिलं तर कंपनी घेणारच नाही त्यांना. कुठलीच घेणार नाही. हे कळतंय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "आणि असंच जाऊ दिलं तर तीन वर्षं. तीन वर्षं ते नीट राहिले की कंपनी काही विचारू शकत नाही. कायदाच आहे. मग त्या मुलीला मिळेल. तू खरं लिहून त्या मुलीचं काय भलं करणार आहेस, सांग."

"आणि तीन वर्षांच्या आत काही झालं तर?"

"तर चौकशी होईल. बांबोळीचे कागद निघतील. काही मिळणार नाही." त्या थांबल्या. "पण काहीच न मिळणं ते आजही आहेच."

मॅडम वाईट होत्या असं कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. त्यांनी त्या दिवशीही डब्यातली फणसाची भाजी माझ्या झाकणावर वाढली. मी ती खाल्ली नाही. फळ्यावर माझ्या नावापुढे नवा लाल चुंबक लागला होता आणि मी इतर दोघींच्या एकाने पुढे होते. तीन वर्षं, मी मनात म्हणत होते. एका माणसाने तीन वर्षं मरू नये यावर मी माझी नोकरी लावलीय. आणि त्याला हे माहीतही नाही, तो हॉर्न वाजवतोय.

बाबांना सांगावं असं दहा वेळा वाटलं. सांगितलं असतं तर ते स्वतः गेले असते काकांकडे, आणि मित्रामित्रांत जे व्हायचं ते झालं असतं. घाण मी केली होती. मलाच जायला हवं होतं.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी बसमधून उतरले ती सरळ त्यांच्या अंगणात. वेळ अगदी वाईट होती, तिन्हीसांजेची, पण शनिवारच्या आधी दुसरी वेळच नव्हती. रत्नाकाकी तुळशीपुढे दिवा लावत होती. काका सोप्यावर कदेलीत. दीपिका पायरीवर.

"कितें गे, आनी एक चुंबक जाय?" काका म्हणाले. अजून एक हवा का.

मी उभीच राहिले. "काका, परवा मी प्रश्न चुकीचा विचारला. परत विचारते. बांबोळीची फाईल कुठाय?"

काकीचा हात ज्योतीभोवती होता, तो तसाच राहिला. दीपिकाने मान खाली घातली. मला वाटलं, काका हसून म्हणतील की कसली फाईल.

"दिवो लायतना हें कितें काडलें गे तुवें?" ते म्हणाले. मग आवाज एकदम फुटला. "तुज्या बापायन म्हाका बांबोळी व्हेलो, म्हूण तूं म्हजें दुयेंस बाजारांत व्हरतलें?"

तुझ्या बापाने मला हॉस्पिटलात नेलं, म्हणून तू माझा आजार बाजारात नेणार का. मी हे इथे मराठीत लिहितेय, पण ते वाक्य माझ्या कानात त्यांच्याच बोलीत आणि त्यांच्याच आवाजात आहे. मला राग आला होता, त्यांचा नव्हे, स्वतःचा, आणि मला राग आला की मी मोठ्याने बोलते. "मी लिहिलंय की तुम्हाला काही नाही. तसंच गेलं आणि तुम्हाला काही झालं, तर दीपिकाला काही मिळणार नाही. काका, ते खोटं मी लिहिलंय. मला माहीत असून."

'काही झालं तर.' तिन्हीसांजेला, दिव्यासमोर, एका माणसाच्या मरणाचं मी बोलले होते. वाड्यावर एखादं कुत्रं भुंकलं असतं तरी बरं वाटलं असतं.

काका उठले आणि आत गेले. दार लावलं नाही, पण आत गेले.

काकीने दिवा नीट ठेवला, पदराला हात पुसले आणि तीही आत गेली. आता मला जा म्हणून सांगायला कोणीतरी येईल, असं वाटून मी चपलेत पाय घातले. काकी बाहेर आली ती हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. तांदळाच्या डब्यामागच्या खिळ्याला टांगलेली असायची ती, मी पाहिलेली होती. एक्स-रे, गोळ्यांची रिकामी पाकिटं, दोन वर्षांच्या चिठ्ठ्या. तिने ती माझ्या हातात दिली.

"बरय," ती म्हणाली, म्हणजे लिही. "जें आसा तें बरय. म्हाका कोणें विचारलेंच ना."

खरंच, तिला कोणीच विचारलं नव्हतं. ज्या बाईने दोन वर्षं रोज सकाळी त्या माणसाच्या खिशात जिभेखालची गोळी आठवणीने घातली, तिच्यासाठी फॉर्मात एकही प्रश्न नव्हता. परवा ती गरे वाढत होती आणि आम्ही दोघं तिच्यासमोर खोटं लिहीत होतो. मला तिच्याकडे बघवेना.

पायरीवर बसून मी एकेक उत्तर बदललं. गोळ्यांची नावं काकीने सांगितली, न अडखळता. शेवटी पुन्हा संमती लागणार होती. आकडा दीपिकाच्या फोनवर आला. तिने आईकडे पाहिलं, मग आतल्या अंधाराकडे. तो आकडा काही मिनिटंच चालतो.

"दी तिका," काका आतून म्हणाले. दे तिला.

शनिवारी मॅडमनी फॉर्म उघडला, वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाठवून दिला. मग उठून फळ्यावरचा माझा एक चुंबक काढला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. जूनमध्ये दुसऱ्या मुलीला ठेवून घेतलं. मला 'बी' ग्रेड मिळाली. मी कॉलेजच्या आवारात जाऊन तो कागद फाडायला घेतला आणि मग तो जमा करायचा असतो हे आठवलं. तापटपणालाही सोय नसते कधी कधी.

कंपनीचं पत्र दोन आठवड्यांनी आलं, इंग्रजीत. काका ते घेऊन आमच्या घरी आले, बाबांकडे. मी आतल्या खोलीत होते. बाबांनी वाचून सांगितलं की घेता येत नाही म्हणतात, चेक परत केलाय. काका "बरें" एवढंच म्हणाले. चहा न घेता गेले. आमच्या घरातून ते चहा न घेता गेलेले मी पहिल्यांदा पाहिले. रात्री जेवताना बाबांनी माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला, एवढंच.

त्यानंतर वर्षभर काकांची बस आमच्या घरासमोरून गेली, सकाळी आणि दुपारी. हॉर्न वाजला नाही. आणि मी एक फार वाईट गोष्ट केली, ती अजून कोणाला सांगितली नव्हती. बस दिसली की मी मोजायचे. सहा महिने झाले. आठ झाले. वर्ष झालं, आता दोनच राहिली. काका ठणठणीत होते. मी गप्प बसले असते तर आतापर्यंत एक वर्ष निभलं असतं. म्हणजे मी त्यांचं आयुष्य त्यांच्या चांगल्यासाठी मोजत नव्हते, माझी चूक किती मोठी होती ते बघायला मोजत होते. खरं बोललं की मन हलकं होतं असं म्हणणाऱ्यांना माझ्यासमोर उभं करा एकदा.

आणि आता पुन्हा मे, पुन्हा बोंडांचा वास. कॉलेजच्या ग्रुपवर धाकट्या मुली विचारताहेत, इंटर्नशिपचं पत्र कोणाकडून घ्यायचं, सोपं ऑफिस कुठलं. मी काही लिहिलं नाही.

काल सकाळी मी डिचोलीला निघाले होते. बाबांचे रक्ताचे रिपोर्ट आणायला. आईने बजावलं होतं, कोणी विचारलं तर कॉलेजात जाते म्हणून सांग. आज, शनिवारी, बाबांना बांबोळीला न्यायचं ठरलं होतं. आमची गाडी मध्यंतरी विकलेली, टॅक्सीवाला गावातला सांगायचा तर गावाला कळणार, म्हणून अस्नोड्याचा कोणीतरी शोधत होतो. मी थांब्यावर उभी होते आणि समोर रिकामी बालरथ येऊन थांबली. काका गॅरेजला निघाले होते. दार उघडलं. मी चढले. नाही म्हणायचं धैर्य झालं नाही.

लहान मुलांच्या त्या बुटक्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन मी बसले. गावाची वेस गेली. काकांच्या शर्टाच्या खिशात गोळीची ती छोटी डबी दिसत होती.

"बाबा कसो आसा?" त्यांनी आरशात बघत विचारलं. "दिसना हल्लीं."

"बरे आहेत," मी म्हणाले. तोंडातून आपोआपच गेलं. "सगळें बरें आसा."

काकांनी बस रस्त्याच्या कडेला घेतली. ब्रेक लावला, इंजिन बंद केलं. मागे वळून बसले, पूर्ण, हात सीटच्या पाठीवर टाकून.

"हांव फॉर्म भरिना गे बाय," ते म्हणाले. "म्हाका खरें सांग."

मी सांगितलं. चढणीवर थांबणं, डावा हात चोळणं, आंब्याचा मोहोर, उद्या बांबोळीला न्यायचं तेही. छाती हा शब्द मी मोठ्याने उच्चारला, भर सकाळी, रिकाम्या बसमध्ये. सांगताना मी रडत होते आणि नाक पुसायला हातात दुसरं काही नव्हतं म्हणून ओढणीलाच पुसत होते. माझं सांगून झाल्यावर काकांनी पुढे वळून किल्ली फिरवली.

"फाल्यां कितल्याक भायर सरपाचें?"

उद्या किती वाजता निघायचं.

"सहाला," मी म्हणाले.

आज पहाटे पावणेसहाला आमच्या दारात हॉर्न वाजला, दोनदा.